चार बोटं लांब बाही

प्रयोगशाळेत स्वेटर घालून येऊ नये, असा लेखी हुकूम निघाला. पातेबाईंनी तो उभ्या उभ्या वाचला, खाली सही ठोकली आणि स्वेटरची वरची गुंडी लावून घेतली.

हुकूम घेऊन आलेला शिपाई घुटमळला. "बाई, सही केलीत म्हणजे आता..."

"सही केली म्हणजे वाचलं. ऐकलं असं कुठे म्हटलंय? आणि कारण बघ काय लिहिलंय. 'शोभत नाही.' साहेबांना सांग, शोभेसाठी मला न्यूमोनिया करून घ्यायचा नाहीये. दुसरं काही कारण असेल तर कळवा म्हणावं."

शिपायाने अर्थातच काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. विभागप्रमुख साहेब काचेच्या दारापलीकडेच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि ऐकलं नाही असा चेहरा करून ते आपल्या खोलीत निघून गेले.

हॉस्पिटलच्या या विभागात किडनीचे तुकडे तपासत. तुकडा म्हणजे केवढा? शिसपेन्सिलीचं टोक मोडून कागदावर पडावं, तेवढा. पेशंटच्या पाठीतून सुईने काढलेला. त्याचे पुन्हा तीन वाटे करायचे. एक साध्या मायक्रोस्कोपसाठी, एक गोठवून रंगीत प्रकाशात बघण्यासाठी आणि एक कणभर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी, ज्याचं उत्तर यायला आठ दिवस लागत. हे वाटे करायचे आणि त्यांचे काप काढायचे, हे काम पातेबाईंचं. एका केसाचे उभे वीस पदर करावेत आणि त्यातला एक अलगद उचलून काचेवर ठेवावा, इतका पातळ काप. एकतीस वर्षं त्या काप काढायच्या पात्यावर होत्या, म्हणून पातेबाई. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं होतं.

त्यांच्या वहीत प्रत्येक स्लाइडसमोर एक रकाना होता, 'दोष'. काप फाटला, घडी पडली, कचरा आला, तर तिथे लिहायचं. इतरांच्या वह्यांत तो रकाना गच्च भरलेला असे. पातेबाईंचा कोरा. एकतीस वर्षं कोरा. कुणी नवं माणूस विभागात आलं की पहिल्या आठवड्यात कुठल्या ना कुठल्या निमित्ताने बाई त्याच्यासमोर ती वही उघडून ठेवत आणि स्वतः खिडकीबाहेर बघत.

तर आता स्वेटर. दोन महिन्यांपूर्वी विभागात एक नवा मायक्रोस्कोप आला. कॉन्फोकल. लेझरचा. तो तुकड्याचे थरामागून थर टिपतो आणि मग सगळे थर एकावर एक ठेवून मोठ्या पडद्यावर एकच झगझगीत चित्र दाखवतो. त्याला उकडू नये म्हणून अख्ख्या मजल्याचा एसी अठरावर नेऊन ठेवला. यंत्राची तब्येत उत्तम राहिली, माणसांची नाकं गळायला लागली.

त्याच सुमाराला बाईंच्या नवऱ्याने आयुष्यातला पहिला स्वेटर पुरा केला. ते लिफ्टदुरुस्तीच्या कामातून निवृत्त झाले होते आणि विणायला शिकले होते. शेजारी हसले, म्हणून ते घरात विणायचे ते बाहेर गॅलरीत खुर्ची टाकून विणायला लागले. असं ते घर. स्वेटरचा रंग पोपटी. पण पोपटानेसुद्धा मान वळवून बघावं असा पोपटी. आणि उजवी बाही डाव्या बाहीपेक्षा चांगली चार बोटं लांब.

"अहो, ही बाही लांब झालीय," बाई पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या.

"बाही बरोबर आहे. तुझा हात आखूड आहे."

"एकच हात आखूड?"

"मी मोजून विणलीय. लिफ्टचे दोर मोजायचो मी, अगं. दोन सुतांचा फरक पडला नाही कधी. ते उसवायचं वगैरे नाव काढू नकोस."

बाईंनी काढलं नाही. त्या स्वतः कधी चूक कबूल न केलेल्या बाई होत्या, त्यामुळे दुसऱ्याची अडचण त्यांना कळत होती. बाही त्या दुमडून घेत, आणि काम करता करता ती सुटून बोटांपर्यंत येई.

हुकूम निघाला त्याच मंगळवारी एक तुकडा आला. पेशंट होती शाळेच्या बसची ड्रायव्हर, तिशीतली. पाय सुजलेले, चेहरा सुजलेला. बाईंनी वाटे केले. गोठवलेला वाटा क्रायोस्टॅटमध्ये धरला. क्रायोस्टॅट म्हणजे शून्याखाली वीस अंशांची एक पेटी, तिच्यात हात घालून काप काढायचे. बाईंनी हात घातला, काप काढला, स्लाइड रंगवली आणि साहेबांकडे धाडली. वहीत 'दोष' रकान्यात नेहमीसारखं काही लिहिलं नाही.

बुधवारी सकाळी साहेबांच्या खोलीतून हाक आली. आत गेल्या तर पडद्यासमोर साहेब उभे, आणि शेजारी ड्रायव्हरबाईवर उपचार करणाऱ्या किडनीच्या डॉक्टरीणबाई. पडद्यावर किडनीची एक गाळणी, घराएवढी मोठी केलेली. रक्त जिथे गाळलं जातं तो हा केशवाहिन्यांचा गुंता. आणि त्या गुंत्यातून आरपार, वळसे घेत गेलेला एक हिरवागार, लखलखणारा तंतू.

"बाई, बघून घ्या," साहेब म्हणाले. "असं आजवर कुणी पाहिलेलं नाही. मी रात्रभर पुस्तकं चाळली. नवीन आजार आहे हा."

बाईंनी पाहिलं. मान तिरकी करून पुन्हा पाहिलं. "साहेब, हा दोरा आहे."

साहेब पडद्यापुढे आडवे आले.

"कसला दोरा?"

"कपड्याचा. काप चार मायक्रॉन जाडीचा आहे, मीच काढलाय. हा तुमचा तंतू दिसतोय वीस मायक्रॉनचा. चटईत खांब लपवता येतो का? तो आत नाहीये, वर पडलाय. यंत्राने सगळे थर एकावर एक ठेवले म्हणून आत दिसतोय. थर सुटे करून दाखवा, आत्ता कळेल."

"सुटे थर खूप जागा खातात. मी ते पुसून टाकले."

"मग स्लाइड द्या. डोळा लावून बघते."

"मुळीच नाही. लेझरने आधीच ती फिकी पडायला लागलीय. शुक्रवारी थोरले सर येतायत, ती त्यांना दाखवायचीय. तोपर्यंत ती माझ्या कपाटात कुलपात राहील."

थोरले सर म्हणजे साहेबांचे गुरू. अकरा वर्षं साहेब त्यांना दर वर्षी शुभेच्छांचं पत्र पाठवत आणि अकरा वर्षं सर उत्तरात साहेबांना दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने हाक मारत. एकदाच काहीतरी असं दाखवावं की त्यांच्या लक्षात राहू, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. माणूस वाईट नव्हता. पण इच्छा फार दिवस तुंबली की डोळ्यांवर येते.

डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "मला एवढंच सांगा, मी काय करू? साध्या मायक्रोस्कोपखाली गाळण्या जवळपास नीट दिसतायत. त्यावरून मी तिला गोळ्यांवर ठेवणार होते. पण हे खरं असेल तर थांबता येणार नाही. शुक्रवारी दुपारपासून शिरेतून मोठं औषध सुरू करावं लागेल. सहा महिने. ते औषध सोपं नाहीये."

"खरं आहेच," साहेब म्हणाले.

"दोरा आहे," पातेबाई म्हणाल्या.

साहेब आता तापले. "ठीक आहे. तुमच्या हातून स्लाइडवर कचरा पडला, असं वहीत लिहून द्या. 'दोष' म्हणून. मी आत्ता हे सगळं मागे घेतो."

बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "माझ्या स्लाइडवर माझा कचरा पडत नाही. एकतीस वर्षांत पडलेला नाही."

"मग दोरा नाही."

"दोरा आहे. पण माझा नाही. दुसऱ्या कुणाचा तरी आहे. कुणाचा, ते मी शुक्रवारच्या आत सांगते."

असं म्हणून त्या बाहेर आल्या. आता यात अडचण काय होती, ती बघा. दोरा आहे हे पटवायचं तर तो कुणाचा हे दाखवायला हवं होतं, आणि ज्याच्या त्याच्या अंगावरचे दोरे गोळा केल्याशिवाय ते कळणार नव्हतं.

बाहेर बाकावर ती ड्रायव्हर बसली होती. पाय पुढे पसरलेले, चपलांच्या पट्ट्या सोडलेल्या. बाईंचा पांढरा कोट बघून ती उठली.

"तुम्ही आतल्या ना? माझा रिपोर्ट कधी मिळतोय?"

"शुक्रवारी."

"गोळ्या की ते मोठं औषध, एवढं सांगा ना. मोठं औषध लागलं तर सहा महिने गाडीवर बसता येणार नाही. माझी फेरी दुसऱ्याला देतील. एकदा दिली की परत देत नाहीत, मी बघितलंय. आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नंतर मूल होईल की नाही तेही सांगता येत नाही." ती थांबली. "मी घाबरलेली नाहीये. मला फक्त खोटं सांगू नका."

"नाही सांगणार," बाई म्हणाल्या, आणि आपण हे कशाच्या जोरावर बोललो, असं त्यांच्या मनात आलं.

गुरुवारी सकाळी पातेबाई चिकटपट्टीचं एक रीळ घेऊन विभागात फिरायला लागल्या. पहिला नंबर सफाईवाल्या मामांचा.

"मामा, फडकं दाखवा."

"कालच धुतलंय बाई."

"म्हणूनच दाखवा." त्यांनी फडक्यावर पट्टी दाबली, उचलली आणि स्लाइडवर चिकटवली. मग खिडकीचे पडदे. मग खुर्चीचं कापड. मग शिपायाचा मफलर, जो हुकूम निघाल्यापासून तो शर्टाच्या आत घालत होता.

"बाई, साहेबांना सांगू नका हां."

"मी कशाला सांगू? तुझी छाती दोन दिवसांत एवढी फुगली, ते त्यांनाच दिसत असेल."

सगळ्यात अवघड साहेब होते. ते जिन्यात भेटले. बाईंनी हात पुढे केला. "साहेब, हलू नका. खांद्यावर काहीतरी आहे." आणि पट्टी मारली. मग म्हणाल्या, "टायवर पण आहे." आणि टायवर मारली. साहेब नको नको म्हणेपर्यंत बाई खाली वाकून त्यांच्या मोज्यापर्यंत पोचल्या होत्या.

"काय चाललंय काय हे?"

"स्वच्छता," बाई म्हणाल्या.

दुपारपर्यंत सतरा स्लाइडी जमल्या. नवा मायक्रोस्कोप साहेबांच्या परवानगीशिवाय उघडत नव्हता. पण कोपऱ्यात जुनी अंधारखोली होती. तिच्यात जुना प्रकाशाचा मायक्रोस्कोप होता, ज्याच्या निळ्या उजेडात काही रंग, काही धागे आपोआप हिरवे चमकत. नवं यंत्र आल्यापासून तिथे कुणी फिरकलं नव्हतं. बाईंनी दार लावलं, दिवा घालवला आणि जुन्या यंत्राचा निळा दिवा चालू केला.

मामांचं फडकं निर्दोष. पडदे निर्दोष. मफलर गडद काळाच राहिला. साहेबांचा टाय जरासा उजळ होता. बाईंच्या मनात आशा जागी झाली, पण तो पिवळट निघाला. मोजा तर अगदीच मठ्ठ. सतरा झाल्या. एकही जुळेना. बाई चिडल्या. हा दोरा काय आभाळातून पडला? त्यांनी शेवटची स्लाइड काढायला हात पुढे केला. बाही सुटून बोटांवर आली आणि निळ्या उजेडाच्या झोतात शिरली.

अख्खा हात हिरवा पेटला.

बाईंनी हात मागे घेतला. अंधार. पुढे नेला. लखलखाट. मागे, पुढे, मागे, पुढे. चार वेळा करून बघितलं, कारण तीन वेळांवर त्यांचा विश्वास बसला नाही. मग त्यांनी बाहीच्या टोकाचा एक धागा ओढून काढला आणि भिंगाखाली ठेवला. वळसे घेणारा, हिरवागार, लखलखणारा. साहेबांचा नवा आजार.

त्या स्टुलावर बसल्या. आता सगळं लक्षात येत होतं. लांब बाही सुटली, पेटीत शिरली, पात्याला घासली. बाहीचा धागा कापावर पडला. दुसरं कुणी नव्हतंच तिथे.

मनात पहिला विचार आला, तो सांगायलाच हवा. तो असा की स्वेटर पिशवीत घालून घरी न्यावा आणि साहेबांना सांगावं, दोरा कुणाचा ते सापडलं नाही. पण सापडलं नाही तर साहेब मागे हटणार नव्हते. साहेब मागे हटले नाहीत तर शुक्रवारी दुपारी त्या बाकावरच्या बाईच्या शिरेत मोठं औषध जाणार होतं. आणि ते जाणार होतं पातेबाईंच्या उजव्या बाहीमुळे. दुसरा विचार आला तो असा की 'शोभत नाही' म्हणणाऱ्या माणसासमोर जाऊन आता 'तुमचं बरोबर होतं' म्हणावं लागेल. हा विचार पहिल्याहून जास्त झोंबला. एकतीस वर्षं, बाई पुटपुटल्या. एकतीस वर्षं, आणि फजिती झाली ती पोपटी रंगात.

दिवेलागणीला घरी आल्या तर नवरा गॅलरीत होता. मांडीवर सुया, आणि सुयांवर तोच पोपटी.

"आता हे काय?"

"टोपी. तुझ्या ऑफिसात गारठा फार ना. लोकर उरलीय."

"थोडी मला द्या ना. हातभर पुरे."

त्याचा चेहरा असा खुलला की बाईंना बघवेना. "हातभर कशाला, लडच घेऊन जा. मैत्रिणींना दाखवायचीय का?"

"दाखवायचीय," बाई म्हणाल्या. "चौघांना तरी दाखवायचीय."

खरं सांगायचं तेव्हाच सांगता आलं असतं. पण तो एवढ्या खुशीत लड सोडवत होता, की त्यांचा धीर झाला नाही. साहेबांना भिडायला धीर लागत नव्हता, इथे लागत होता.

शुक्रवारी सकाळी सात वाजता, विभागात कुणी नसताना, त्यांनी स्वेटर खुंटीवर टांगला. दात वाजत असताना, उघड्या हातांनी, पेटीत उरलेल्या तुकड्यातून नवा काप काढला. काप अखंड आला. स्लाइड रंगवली. मग स्वेटर पुन्हा अंगात घातला, सगळ्या गुंड्या लावल्या आणि दहा वाजता न बोलावता साहेबांच्या खोलीत शिरल्या.

आत थोरले सर बसले होते, वाळकुडे, ऐंशीच्या घरातले, हात काखेत दाबून. डॉक्टरीणबाई होत्या. पडद्यावर हिरवा तंतू होता. आणि साहेब बोलत होते.

"...या तंतूला अजून नाव नाही. माझी नम्र सूचना अशी आहे की..."

"नाव आहे," पातेबाई दारातून म्हणाल्या. "उजवी बाही."

साहेबांनी आधी स्वेटर पाहिला. "बाई, हुकूम..."

"हुकूम मोडलाय मी, माहीत आहे. तो मोडला म्हणूनच हे झालंय. ऐकून घ्या." त्यांनी वही टेबलावर उघडी टाकली. "दोरा माझ्या स्वेटरचा आहे. काप काढताना माझ्या हातून पडला. दोष माझा. कालपर्यंत मी म्हणत होते माझा नाही, ते चूक होतं. दोरा आहे म्हणत होते, ते बरोबर होतं. त्यातलं बरोबर तेवढं घ्या आणि चूक तेवढं माझ्या नावावर लिहा. पण त्या ड्रायव्हरला औषध देऊ नका."

साहेब लाल झाले होते. "हे तुम्ही कशावरून म्हणता? तुम्ही तर ती स्लाइड बघितलेलीसुद्धा नाही."

"तुम्ही तरी कुठे बघितलीत? पडदा बघितलात." बाईंनी खिशातून लोकरीची लड काढून टेबलावर ठेवली. "ही लोकर. कुलपातली स्लाइड काढा. जुन्या मायक्रोस्कोपला लावू. सर, तुम्ही डोळा लावा. गाळणी नीट दिसेल असा फोकस करा. गाळणी दिसते तेव्हा दोरा दिसतो का बघा. दोघं एकदम दिसले, तर मी आज राजीनामा देते."

थोरल्या सरांनी काखेतले हात सोडवले. ते उठले. "चला," ते म्हणाले. "निदान ती खोली तरी उबदार असेल."

ती खोलीही गार होती. सरांनी डोळा लावला. चाक फिरवलं. पुढे, मागे. पुन्हा पुढे. सगळे त्यांच्या पाठीकडे बघत उभे राहिले.

"गाळणी दिसतेय," सर म्हणाले. "दोरा गायब." चाक फिरलं. "आता दोरा आला. गाळणी गेली. दोघं वेगवेगळ्या मजल्यांवर राहतायत." मग त्यांनी बाईंची लोकर बघितली, मग सकाळची नवी स्लाइड बघितली. "हिच्यात काहीच नाही. स्वच्छ आहे. काप कुणी काढला हा?"

"मीच. स्वेटर काढून."

"सुंदर आहे," सर म्हणाले, आणि डॉक्टरीणबाईंकडे वळले. "गोळ्या द्या तिला."

डॉक्टरीणबाईंनी फाइलवर दोन ओळी लिहिल्या आणि त्या तडक औषधाच्या खिडकीकडे निघाल्या. आठ दिवसांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनेही तेच सांगितलं, गोळ्यांनी बरा होणारा साधा आजार. पण ते आठ दिवसांनी.

साहेब भिंतीला टेकून उभे होते. अकरा वर्षांची पत्रं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. सर त्यांच्याजवळ गेले.

"तुझं नाव काय म्हणालास?"

साहेबांनी खाली बघत सांगितलं.

"आता लक्षात राहील. मी तरुणपणी स्लाइडमधल्या एका हवेच्या बुडबुड्यावर चौदा पानं लिहिली होती. मला थांबवणारं तेव्हा कुणी नव्हतं, ती छापूनही आली." सर पातेबाईंकडे वळले. "हा स्वेटर आता तुम्हाला इथे घालता येणार नाही ना?"

"कारण लिहून दिलं तर नाही घालणार," बाई म्हणाल्या.

साहेबांनी कागद ओढला. पेन दोनदा थांबलं. शेवटी लिहिलं, 'स्वेटर घालून प्रयोगशाळेत येऊ नये. कारण, धागे पडतात.' बाईंनी ते वाचलं, मान डोलावली, सही केली, आणि सगळ्या गुंड्या काढून स्वेटर उतरवला.

"द्या इकडे," सर म्हणाले. "मी पेशंटच्या तुकड्यांना हात लावत नाही. नुसता बसतो. आणि एसी अठरावर का आहे, हे कुणी मला विचारू दिलं नाही सकाळपासून."

त्यानंतर दिवसभर थोरले सर पोपटी स्वेटरात साहेबांच्या खोलीत बसून होते. संध्याकाळी जो फोटो निघाला, त्यात साहेब सरांच्या शेजारी उभे आहेत, सरांचा उजवा पंजा बाहीत गायब आहे, आणि एसी बाविसावर आलेला असल्यामुळे सगळ्यांचे चेहरे माणसांसारखे दिसतायत.

पातेबाईंनी मात्र स्वेटर देऊन झाल्याबरोबर वही उघडली होती. मंगळवारच्या तारखेसमोर, 'दोष' रकान्यात लिहिलं, 'दोरा. हिरवा. माझा.' अक्षर मोठं काढलं. लपवायचं असतं तर बारीक काढलं असतं.

मग त्या बाहेर बाकाशी गेल्या. "गोळ्या," त्या म्हणाल्या. ड्रायव्हरने डोळे मिटले. उघडल्यावर ती आभार मानायला लागली, तेव्हा बाईंनी तिला अडवलं आणि सगळं सांगितलं. बाही, दोरा, सगळं.

"म्हणजे तुमच्या स्वेटरपायी मी दोन रात्री झोपले नाही?"

"हो."

"मी माझ्या आईला फोन करून रडले."

"हो. चूक माझी."

ड्रायव्हर त्यांना बोलली. चांगलं पाच मिनिटं बोलली. गर्दीत गाडी अडवणाऱ्याला ड्रायव्हर बोलतात, तसंच. पातेबाईंनी एकतीस वर्षांत कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, ते सगळं त्या पाच मिनिटांत उभं राहून ऐकून घेतलं. बोलून झाल्यावर ती म्हणाली, "बरं झालं, सांगितलंत," आणि सुजलेले पाय चपलांत घालून औषधाच्या खिडकीकडे गेली.

घरी आल्या तेव्हा अजून उजेड होता. नवरा गॅलरीत. त्याने वर बघितलं.

"स्वेटर कुठाय?"

बाई समोरच्या खुर्चीत बसल्या आणि सांगायला लागल्या. काही गाळलं नाही. बाकावरची बाई गाळली नाही, तिच्या शिव्या गाळल्या नाहीत, वहीतला रकानाही गाळला नाही. नवरा ऐकत होता. सुया थांबल्या होत्या.

"एवढ्या मोठ्या यंत्राखाली गेला म्हणजे माझा धागा," तो शेवटी म्हणाला.

"गेला."

"पीळ कसा दिसत होता?"

"पीळ चांगला होता."

मग त्याने अर्धवट टोपी सुईवरून काढून बाजूला ठेवली. लिफ्टचे दोर मोजणारा तो माणूस, आयुष्यात दोन सुतांचा फरक कबूल न केलेला. हळूच म्हणाला, "बाही लांब होती, अगं. चार बोटं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

पातेबाईंनी आपला उजवा हात समोर धरला, उलटासुलटा करून नीट निरखला.

"छे," त्या म्हणाल्या. "माझा हातच आखूड आहे."